नंदीचा दुसरा डोळा

सकाळी यजमानांचा फोन आला तेव्हा मी नागपूरला लेकीकडे होते. "मधुभाऊ उठूनच नाई राह्यले. तू ये," एवढंच ते म्हणाले. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "त्याचं इंजेक्शन कधी होतं?" माणूस गेला होता आणि मी इंजेक्शनची तारीख विचारत होते. सेलूला पोचेपर्यंत बसमध्ये माझंच ते वाक्य कानात राहिलं. महिना होऊन गेला, अजून आहे.

मधुदादा माझा मोठा भाऊ. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया हे नाव आम्हाला फार नंतर कळलं. त्याआधी अंगारे, गंडे, हवापालट, सगळं करून झालं होतं. ज्याचा आवाज यायचा त्याला दादा 'मागचा माणूस' म्हणायचा, कारण तो नेहमी पाठीमागून बोले. आई गेल्यावर दादा माझ्याकडे आला. मी शाळेत जन्म काढलेली बाई, आवाज चढा, शिस्त कडक. गोळी गिळली की नाही ते बघायला "आ कर" म्हणायची, आणि साठीचा तो माणूस बिचारा आ करायचा.

वर्षानुवर्षं त्याला दर महिन्याचं इंजेक्शन होतं. आवाज बंद, पण हात थरथरायचे, चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, चालताना पाय घासायचे. मग वर्ध्याच्या नव्या डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवून दुसऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या. हळूहळू हात थांबले. एक दिवस स्वतःहून म्हणाला, "सुमे, ब्रश दे नं." तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी मिरवतात, त्यांचे डोळे रंगवणं हे त्याचं लहानपणापासूनचं काम. गल्लीतले लोक पुन्हा नंदी आणून द्यायला लागले. वजन मात्र वाढलं, शुगर निघाली, आणि मागचा माणूसही परतला. "बोलते, पण आता वरडत नाई," दादा सांगायचा. "येऊ दे त्याले." अंगणात रंगवता रंगवता तो त्याला उत्तरं द्यायचा, मधेच हसायचा.

मला ते हसणं सहन व्हायचं नाही. त्यात लेकीचं लग्न ठरलेलं... व्याह्यांसमोर हा एकटाच बोलत बसला तर? मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि सांगून टाकलं, "आवाजांचा फार त्रास होतो." कोणाला होतो, ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. "मधुकरराव, तुम्हाला कोणतं औषध बरं वाटतं?" दादाला बोलायला वेळ लागायचा. तेवढा वेळ मी दिलाच नाही. "इंजेक्शनवर शांत होता," मीच बोलले. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट समजावल्या, एकात वजन आणि शुगर, दुसऱ्यात थरथर, आणि त्याला कशात जगावंसं वाटतं तेही पाहा म्हणाले. मला शुगरचं आयतंच कारण सापडलं होतं. तेच धरून बसले.

लग्न छान झालं. दादा नव्या शर्टात खुर्चीवर बसून होता. व्याही म्हणाले, "मामा मोठे शांत आहेत हो." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लग्नापुरतं म्हणून सुरू केलेलं इंजेक्शन मग तसंच चालू राहिलं. डॉक्टर पुढे एकदा गोळ्यांचा विषय काढू लागले, तर मी "चाललंय ते बरं आहे" म्हणून मोकळी झाले. घरी येताना दादाला विचारलं, "मागचा माणूस येते का रे आता?" तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. "नाई. आता कोणीच नाई येत." मला ते चांगलंच वाटलं.

तो झोपेत गेला, हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, याचा इंजेक्शनशी संबंध लावून जीव जाळू नका. नाही लावत. पण त्याचं शेवटचं वर्ष मी माझ्या सोयीनं घालवलं, त्याचं काय करू?

परवा तान्हा पोळा झाला. दादाच्या कपाटावर एक नंदी होता, तो शेजारणीनं नातवासाठी मागितला म्हणून मी खाली काढला. त्याचा एक डोळा गोळ्यांच्या दिवसांतला. काळीभोर बाहुली, कडेला केसासारखी लाल रेघ. दुसरा डोळा इंजेक्शन परत सुरू झाल्यावर काढायला घेतलेला. रंग गालापर्यंत ओघळलेला, पुसलेला, पुन्हा काढलेला, पुन्हा पुसलेला. पुसून पुसून तिथलं लाकूड खरवडलं गेलंय. किती वेळा बसला असेल तो ब्रश घेऊन... आणि मी त्याच घरात होते, स्वयंपाकघरात, घर किती शांत आहे म्हणत.

कोणतं औषध बरं, हे डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं.

शेजारणीला मी बाजारातून दुसरा नंदी आणून दिला. हा पुन्हा कपाटावर ठेवलाय, तोंड माझ्या खाटेकडे करून.