एका गाण्याच्या अकरा कॅसेटी

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये माझी मुलगी ज्या इमारतीत राहते, तिच्या तळमजल्यावर एक जर्मन बाई राहतात. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांचे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकन होते. तरुणपणी ते सैनिक म्हणून इथल्या छावणीत आले, नोकरी संपल्यावर मायदेशी परतले नाहीत, आणि पुढची चाळीस वर्षे या गावातल्या क्लबांतून, लग्नसमारंभांतून आणि शेवटी चर्चमधून पियानो वाजवत राहिले. मी मुलीकडे कायमची राहायला आले त्याच हिवाळ्यात ते वारले. जिन्यात आमची दोनदा भेट झाली होती. दोन्ही वेळा त्यांनी टोपी काढून मला वाट करून दिली होती. आमचा परिचय तेवढाच.

वसंतात एके सकाळी त्या बाई एक पत्र घेऊन वर आल्या. युद्धानंतर इथे स्थायिक झालेल्या अमेरिकन वादकांच्या रचनांची एक पुस्तिका गावातली संगीतशाळा काढणार होती. विद्यार्थ्यांनी त्या शिकाव्यात हा हेतू. त्या वादकांपैकी बहुतेकांचे काहीच उरले नव्हते. ज्या क्लबांत ते वाजवत, तिथे आता मोबाइलची दुकाने आहेत. या बाईंच्या यजमानांचे मात्र एक गाणे होते. लग्नाच्या वर्षी त्यांनी ते रचले होते, पण कधी लिहून ठेवले नाही. शाळेला त्याची एकच पक्की प्रत हवी होती.

बाई माझ्याशी इंग्रजीत बोलतात. नवऱ्याकडून उचललेले ते इंग्रजी संथ आणि गोड आहे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे अकरा कॅसेटी आहेत. अकराही वेगळ्या. मी चुकीची दिली तर मुलं चुकीचंच शिकतील, आणि मी गेल्यावर ते सुधारायला कोणी असणार नाही."

एवढे सांगून त्या पत्राची घडी घालू लागल्या. घडी नीट पडेना.

मी म्हटले, "काळजी करू नका. हे माझंच काम आहे."

ही बढाई नव्हती. वडिलांनी लहानपणी माझ्याकडून अमरकोश आणि रूपावली पाठ करून घेतली, पुढे काव्य आणि व्याकरण शिकवले. पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेच्या हस्तलिखित विभागात मी एकतीस वर्षे पोथ्या जुळवल्या. एकाच ग्रंथाच्या दहा-वीस पोथ्या समोर ठेवायच्या, प्रत्येक ओळीतले पाठभेद टिपायचे, नकल करणाऱ्यांच्या चुका आणि मागाहून घुसवलेले प्रक्षेप बाजूला काढायचे, आणि मूळ संहितेच्या शक्य तितके जवळ जायचे. अकरा कॅसेटी म्हणजे अकरा पोथ्या, असे मी धरून चालले.

पूजा आटोपून रोज दहा वाजता मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत असे. मला पाश्चात्त्य स्वरलिपी येत नाही. हार्मोनियमवर भजने बसवताना शिकलेल्या सारेगमवरच मी भिस्त ठेवली. चौकटीच्या वहीत, संस्कृतातले ऋ, ॠ, ऌ, ॡ धरून, अ पासून ए पर्यंत अकरा रकाने आखले आणि गाण्याच्या सोळा ओळी पाडल्या. एकेक ओळ मी दहा-दहा वेळा ऐके. बाईही न कंटाळता कॅसेट मागे फिरवून देत. एकादशीला त्या केक पुढे करत नसत. मिठात उकडलेला बटाटा बशीत ठेवून विचारत, "हा चालतो ना तुमच्या देवाला?"

मुलगी इथल्या संशोधनकेंद्रात काम करते. एका संध्याकाळी तिने माझी वही उघडली.

"आई, तू काय त्या आजोबांच्या गाण्याची चिकित्सक आवृत्ती काढते आहेस?"

"मग काय करू? ऐकून माना डोलावू?"

"अगं, जॅझवाले मुद्दामच वेगळं वाजवतात."

"कोणी मुद्दाम केलं आणि कोणाच्या हातून झालं, तेच तर शोधायचं असतं. तू तुझी यंत्रं बघ."

"गेनाऊ," ती इथल्यांसारखी 'अगदी बरोबर' म्हणाली आणि हसत भाजी चिरायला गेली. तिचे हसणे मी मनावर घेतले नाही.

पाच आठवड्यांनी माझा निर्णय झाला. अ ही कॅसेट सर्वांत जुनी, आणि सर्वांत आटोपशीरही. सोळा ओळी, एकही स्वर फाजील नाही. पुढच्या दहांमध्ये मात्र भर पडत गेलेली. कुठे ओळीच्या शेवटी लांब वळसा, कुठे मध्येच चर्चमधल्या भजनाचा तुकडा, आणि ऊ मध्ये तर अख्खी एक ओळ गाळून तिच्या जागी शांतता. जुनी पोथी शुद्धच असते असे नाही, हे मी स्वतः नवशिक्यांना शिकवले आहे. पण इथे मला शंका आली नाही. मी अ हा आधार धरला, बाकीचे प्रक्षेप म्हणून तळटीपांत टाकले, आणि रविवारी मुलीला तिचा कीबोर्ड खाली बाईंकडे आणून ती शुद्ध संहिता वाजवायला लावली.

बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हो. हेच ते गाणं."

मग उठून त्यांनी स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. "तुम्ही फार कष्ट घेतलेत. उद्या मी शाळेला फोन करते."

त्या आवाजात आनंद नव्हता. पाच आठवडे मी त्यांना रोज पाहत होते. एवढे मला कळत होते.

मी विचारले, "त्यांच्याबरोबर वाजवणारं कोणी हयात आहे का?"

एकच होता. हायडेलबर्गमध्ये राहणारा ड्रमवादक. तोही याच छावणीत आलेला कृष्णवर्णीय सैनिक, आता नव्वदीला टेकलेला. गुरुवारी ते गाडीने आले. उंच, काठी टेकत चालणारे, अंगावर इस्त्रीचा कोट. बाईंच्या कपाळावर त्यांनी ओठ टेकवले, माझ्याकडे वळून म्हणाले, "तर तुम्ही प्रोफेसरबाई!" आणि वही मागून घेतली.

मी रकाने समजावून सांगितले. ते मन लावून ऐकत होते. तळटीपांपाशी आल्यावर त्यांनी विचारले, "आणि हे खाली काय टाकलंय?"

"हे प्रक्षेप. मागाहून आलेले. मूळचे नव्हेत."

ते हसू लागले. हसता हसता खोकला लागला, बाईंनी पाणी दिले, आणि पाणी पितानाही ते हसतच होते.

"बाई गं," ते त्यांना म्हणाले, "हिने तुझ्या नवऱ्याला तळघरात टाकलंय आणि वर त्याचा सूट टांगलाय!"

बाईही हसल्या. त्यांना मनमोकळे हसताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

मला राग आला नाही असे म्हणणे खोटे होईल. मी म्हटले, "सर्वांत जुना पाठ अ आहे. हवं तर तारीख बघा."

"तारीख बरोबर आहे. मी तिथे होतो." ते गंभीर झाले. "रेडिओसाठी वाजवलं होतं ते. काचेपलीकडे एक साहेब हातात घड्याळ घेऊन उभा होता. म्हणाला, तीन मिनिटं, आणि सरळ वाजव, लोकांना नाचायचं आहे. माझ्या मित्राचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तुम्ही ज्याला शुद्ध म्हणता ना, प्रोफेसरबाई, ती भीती आहे."

पाण्याचा पेला बाजूला सरकवून ते पुढे बोलले. "तिकडे अमेरिकेत, आमच्या गावी ज्या हॉटेलात आम्ही वाजवायचो, तिथे आम्हांला मागच्या दाराने आत घेत. इथे पुढच्या दाराने घेतलं, खुर्ची दिली. पण मागणी तीच. रेकॉर्डवर ऐकलं तसंच हवं, रोज तसंच. एका बँडच्या मालकाने माझ्या मित्राला सांगितलं, लिहिलेले स्वर सोडून एक बोट इकडे तिकडे गेलं तर घरी जा. त्याने पियानोचं झाकण लावलं आणि खरंच घरी आला. हिला विचारा, सगळा हिवाळा बटाट्यांवर काढला त्यांनी."

"ग्रुम्बेअर," बाईंनी इथल्या बोलीतला बटाट्याचा शब्द सांगितला. "रोज. पण रोज संध्याकाळी वाजवायचा. आणि दर वेळी माझ्याकडे बघायचा, की मला कळलं का, आज काय बदललं ते."

मी वही पुढ्यात ओढून घेतली. पोथीची नकल करणारा मनुष्य ग्रंथकार नसतो, म्हणून त्याने घातलेली भर आपण काढतो. इथे अकराही वेळा स्वतः ग्रंथकारच बसलेला होता. माझी रीत खोटी नव्हती, मी ती लावली भलत्या ठिकाणी. आणि माझे वडील तर कीर्तन करीत! उत्तररंगातले एकच आख्यान त्यांनी गावोगावी रंगवले. श्रोते पाहून ते कधी लांबवत, कधी मध्येच थांबत. त्यांच्यावर प्रक्षेपाचा आरोप करण्याचे माझ्या स्वप्नातही आले नसते. आपल्या घरात जे सहज ओळखता येत होते, ते मला पियानोवर ओळखता आले नाही. हे मी त्या दोघांपुढे बोलून दाखवले.

ड्रमवादक म्हणाले, "मग तुमच्या वडिलांना माझा मित्र आवडला असता."

त्या दुपारी आम्ही तिघांनी काम उलट्या बाजूने केले. अकराही कॅसेटींत न बदललेले काय आहे, ते शोधायचे ठरवले. माझे रकाने इथे उपयोगी पडले. त्यांच्याशिवाय ते कुणालाच सापडले नसते. तशा चार जागा निघाल्या. सोळा ओळींच्या वाटेत त्या चार जागी बाईंचे यजमान नेहमी येऊन टेकत, मग मधली वाट कोणतीही असो.

शाळेतल्या शिक्षिकेला हे पटायला वेळ लागला. तरुण आणि कामसू मुलगी. वही पाहून म्हणाली, "फार सुंदर आहे, पण आल्झो... म्हणजे, मी छापू कुठली?"

मी उत्तर देणार होते. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"या चार जागा छापा," त्या जर्मनमध्ये सावकाश बोलल्या. सोबत आलेली माझी मुलगी माझ्या कानाशी भाषांतर करत होती. "मधली जागा कोरी सोडा. अकराही कॅसेटी मुलांना ऐकवा. मग प्रत्येकाने आपलं भरावं. रेडिओची एकटी छापणार असाल, तर मी काहीच देणार नाही."

"कोरी पानं बघून पालक तक्रार करतील."

"त्यांना माझ्याकडे पाठवा. तळमजला, घंटीवर अजून त्याचंच नाव आहे."

शिक्षिकेने मान डोलावली. कॅसेटींची प्रत त्याच दिवशी काढली गेली.

परतताना बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो असता तर कुरकुरला असता."

"का? आता काय चुकलं?"

"म्हणाला असता, चारच जागा कोणी सांगितल्या? आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिसरी चुकवली असती."

मी म्हटले, "चुकवू दे. मी तशी तळटीप लिहीन."