मागची माणसं बघणारी शांतामावशी

शांतामावशी आज सकाळी गेली. आमचं घर तिच्याशी पंचवीस वर्षं खोटं बोललं.

आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या पोलीस लाइनीत आमचं क्वार्टर. बाबा हेड कॉन्स्टेबल. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. दर आठवड्याला मुंबईच्या पोलिसांची ती हिंदी सिरीयल लागली की अख्खी लाइन आमच्या खोलीत.

वर्षानुवर्षं चालली ती. दर एपिसोडला एक खून, आणि शेवटी खुनी आत.

बाबा हसायचे. "आमच्याइथं तं पंचनाम्याले कागद भेटत नाही!"

शांतामावशी भरवेलीच्या खाणीत मँगनीज निवडायची. सिरीयलसाठी तिथून चालत यायची, टीव्हीला नाक लावून बसायची. पण एपिसोड संपल्यावर खुनी कोण, हे तिला सांगता यायचं नाही. आम्ही पोरं फार चिडवायचो.

एकदा मी विचारलं, "मावशी, तू पाहते तरी काय?"

"मांगची माणसं पाहून राह्यली, बाई."

तिचा नवरा गणपत तिरोडीहून गाडीत बसून मुंबईला कामाला गेला, तो आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. इन्स्पेक्टर जीपमधून उतरला की मागे मुंबईचा रस्ता दिसायचा. मावशी त्या गर्दीत नवरा शोधायची.

एका संध्याकाळी ती किंचाळलीच. "हवालदार भाऊ! पाहा, माहे मालक!"

एका दुकानासमोर कोणीतरी पोती उतरवत होता. दोन सेकंद. सगळे हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी दुकानाची पाटी वाचली होती.

रजा काढून ते मुंबईला गेले. आठ दिवसांनी परतले.

"तो गणपत नोहोय, शांताबाई. दुसराच माणूस हाय."

"हौ," मावशी म्हणाली. "माहेच डोये फुटले असतीन."

पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बसली. सिरीयल बंद होईपर्यंत येत राहिली.

खरं काय ते बाबांनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं.

तो गणपतच होता. दुसरी बायको, दोन पोरी. बाबांनी समोर उभं राहून विचारलं तर म्हणाला, "मी कोण्या शांताले ओळखत नाही."

"हे तिले कसं सांगतो मी, पोरी?" बाबा लहान मुलासारखे रडत होते. अख्ख्या नोकरीत हा एकच तपास सिरीयलसारखा पटकन सुटला होता.

मीही नाही सांगितलं. वाटलं, आशेवर जगतेय, जगू दे.

आता स्वतःचाच राग येतो. आम्ही कोण ठरवणारे? बाबा मुंबईहून परतले तेव्हा तिशीत होती ती. दुसरं घर केलं असतं. निदान त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या.

आज तिला न्यायच्या आधी बायका अडल्या. गणपत आहे की नाही, कोणालाच माहीत नाही.

"कुंकू लावाचं का वो?" त्यांनी मला विचारलं. तिला जवळचं असं मीच.

मी हौ म्हटलं. माझ्याच हातांनी मळवट भरला. त्या माणसाच्या नावाने.

तोंड तिच्या कानाशी नेलं, तरी सांगता आलं नाही. म्हणून इथे सांगते.

मावशी, तू बरोबर ओळखलं होतंस.

जड मनाने निरोप देते तुला. जमलं तर माफ कर.