जवारीनं वाजवलेली तार

अर्फा शिकलगार माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या एका काखेत तंबोरा होता आणि दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. टोपलीतून शिट्टी ऐकू येत होती.

“हे काय?”

“मांजर आहे, काकू.”

“मांजरं शिट्ट्या कधीपासून मारायला लागली?”

“दमा आहे तिला.”

साताऱ्यात गोडोलीला माझ्या घराची वरची खोली मी भाड्यानं देते. अटी दोनच: नळ गळू द्यायचा नाही आणि माझ्याशी खोटं बोलायचं नाही. मांजराबद्दल काही ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे ते आलं. त्याच्यामागून रिक्षातून सुकवलेला अर्धा भोपळाही आला, कारण त्याच्याशिवाय मांजरबाईसाहेबांना झोप लागत नव्हती.

अर्फाचं घर मिरजेचं, सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांचं. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून तारेला जो भरलेला, गुणगुणता नाद आणतात त्याला जवारी म्हणतात. हे मांजर पिल्लू असताना तसंच घुमायचं, म्हणून अर्फाच्या वडिलांनी, हुसेनभाईंनी, त्याचं नाव जवारी ठेवलं. कारखान्यात तंबोऱ्यासाठी कापलेल्या भोपळ्यात झोपायचं, भोपळ्याची धूळ आणि पॉलिशचा वास नाकात ओढायचं. शेवटी घुमणं बंद झालं आणि शिट्टी सुरू झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला धुळीतून हलवा आणि रोज पंप द्या. माणसांचाच पंप, फक्त पुढे एक नळकांडं आणि नाकातोंडावर बसणारा छोटा मुखवटा.

हुसेनभाईंचा फोन यायचा तो माझ्या फोनवर, कारण अर्फा कामात उचलत नसे. “बाई, मांजर बरी हाय न्हवं?”

“बरी आहे. मुलगीही बरी आहे, विचारलं नाहीत तरी सांगते.”

“तिला काय हुतंय? ती लय घट्ट हाय.”

घट्ट होती खरी. इंजिनिअर झालेली, एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला, आणि योगायोग असा की तिथे ती तीन वर्षं दम्याच्याच पंपावर खपत होती. लहान मुलांसाठीचा पंप. औषधाची डबी, नळकांडं आणि मुखवटा सगळं एकत्र, आईला काही जोडाजोडी करायला नको असं.

अशा वस्तूची गंमत मला तिच्यामुळे कळली. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण औषध आणि यंत्र एकमेकांच्या गळ्यात बांधलं की काय होतं याचा विचार कधी केला नव्हता. ते लग्नच असतं, असं त्यांच्या कामात सगळेच म्हणत. औषधाची माणसं सांगलीला, यंत्राची साताऱ्याला, आणि दोन्हीकडे विहिणी. आमच्या बाजूनं काही कमी नाही हो, असं दोघीही सांगणार. सांगलीच्या राजेश्वरीताई औषधाच्या मुख्य; साताऱ्याचा जयराज यंत्राचा, म्हणजे अर्फाचा साहेब. औषध उत्तम, यंत्र उत्तम. संसार मात्र चालेना.

कारण दम्याच्या मुलांसाठी औंधला घेतलेल्या शिबिरात मुलं पळाली. पंप तिथे नुसते चाचणीचे होते, औषध नसलेले. तीन-चार वर्षांची मुलं आयांच्या मांडीवर बसलेली. आई मुखवटा लावायची, वरून दाबायची, ‘फस्स’ व्हायचं आणि मूल मान मागे टाकून भोकाड पसरायचं. राणी नावाच्या एका पोरीनं तर जयराजचं बोट चावलं. तिची आई अंजना मेंढपाळांच्या वस्तीवरची. ती हसत म्हणाली, “आवं सायेब, कोकराला दवा पाजताना बी यवढी झोंबाझोंबी न्हाई व्हत.”

औषध नाकातोंडात गेलंच नाही तर ते कितीही उत्तम असून काय उपयोग? कंपनीनं निकाल दिला: औंधलाच आणखी एक चाचणी. त्यातही मुलं पळाली तर हा पंप कायमचा बंद.

जयराजनं लगेच उपाय काढला. आयांना चित्रांचं पत्रक द्यायचं, नीट शिकवायचं. अर्फा संध्याकाळी घरी आली, जवारीला मांडीवर घेतलं, पंप दाबला. फस्स. मांजर पलंगाखाली. अर्फा खाली वाकून बघत बसली.

“काकू, हिला मी रोज पंप देते. त्या आयांपेक्षा जास्त शिकलेय त्यातलं. तरी ही पळते. आता हिला पत्रक वाचून दाखवू?”

तिथे तिला पहिली गोष्ट कळली. रोगी पळाला तर रोग्याला दोष देऊन भागत नाही. मांजराच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पण यापुढे तिनं जी चूक केली ती मिरजेच्या त्या गल्लीतलीच पोर करू शकते. वाद्यं बनवणाऱ्यांच्या घरात काही बिनसलं की आधी आवाज बघतात. तिनंही आवाजच धरला. फस्स म्हणजे साप, फस्स म्हणजे दुसरं मांजर; तेव्हा फस्स मऊ करायचं. महिनाभर खोलीत नळकांड्यांचा ढीग. एकाला आतून मऊ रबराचं अस्तर लावलं आणि आवाज खरंच उसाशासारखा झाला. जवारी पळण्याऐवजी नुसती उठून गेली. अर्फानं त्यालाही प्रगती म्हटलं. जयराजनं नमुने सांगलीला धाडले.

राजेश्वरीताईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. “अर्फा, तुझा पंप फार सभ्य झालाय गं. इतका, की औषधसुद्धा बाहेर यायला लाजतंय.”

औषध अस्तरालाच चिकटत होतं. मुलाच्या वाट्याला उरत होता पाव हिस्सा. एका विहिणीनं पदर नीट करायला जावं आणि दुसरीचं पातळ सुटावं, तसं.

जयराज चिडला होता, घाबरलाही होता. “मांजरावर प्रयोग करून पंप बनत नाहीत, अर्फा. कुठल्या कॉलेजचं गं तुझं मांजर?”

“तुम्ही शिकलात त्याच कॉलेजचं, सर. तेही सांगितलेलं ऐकत नाही.”

हे ती खरंच म्हणाली. खोटं बोलायचं नाही ही माझी अट तिनं कचेरीतही पाळली, त्याला मी काय करू?

तोंड चाललं, पण डोकं थांबलं होतं. दोन आठवडे ती जेवण चिवडत होती. तंबोरा आडवा पडलेला, त्यावर धूळ.

मग एका रविवारी सकाळी वरून ‘धंव’ असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी जिना चढून वर गेले, कारण बेसूर तंबोरा मला सहन होत नाही.

“अर्फे, वाजवायचं तर लावून वाजव!”

“श्श! काकू, मी नाही वाजवत.”

जवारी तंबोऱ्यापाशी बसली होती. खर्जाच्या तारेत तिनं नखी अडकवली, ओढली, सोडली. धंव! फस्सपेक्षा दसपट मोठा आवाज. आणि ही बया शेपूट गुंडाळून समाधानानं ऐकत बसली. आवाज विरल्यावर पुन्हा नखी.

“आता बघा हं,” अर्फा म्हणाली. तिनं हात लांब करून तीच तार छेडली, खूप हळू. मांजर पलंगाखाली.

मला वाटलं, झालं, हसून खाली जावं. अर्फाचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं. “आवाजाला नाही भीत ही. आपण काढलेल्या आवाजाला भिते. स्वतः काढला की मजा वाटते तिला. काकू, मी महिनाभर चुकीची तार लावत बसले!”

त्या दिवसापासून पंप देण्याची तऱ्हा बदलली. नळकांडं नुसतं समोर धरायचं. जवारी येऊन त्यावर डोकं घासणार, आणि तिनं डोकं घासलं की मगच अर्फा दाबणार आणि मुखवटा अलगद तिच्या नाकाला लावणार. फस्स झालं ते माझ्यामुळे, असं मांजराला वाटलं पाहिजे. सुरुवातीला ती दचकली, मग तिनं पुन्हा घासून बघितलं. पुढच्या आठवड्यात ती स्वतःच भोपळ्यातून उठून यायला लागली. पंपाच्या वेळेला अर्फा बाथरूममध्ये असली तर दारावर ओरडायची.

मुलांचं मग उघडच होतं. पंप आईनं नाही, मुलानं दाबायचा. पण चार वर्षांच्या बोटांत ताकद कुठली? अर्फानं डबीच्या दोन बाजूंना दोन रुंद पंख लावले. आईनं मुखवटा धरायचा, मुलानं दोन्ही तळव्यांत पंख धरून टाळीसारखे मिटायचे. साधी तरफ, आठवीच्या पुस्तकात असते. नळकांड्याच्या आत तिनं काही म्हणजे काही बदललं नाही. अस्तरानं शहाणी केली होती.

तरी राजेश्वरीताई काय सोडणार! “पोरगं हळूहळू दाबेल, मध्येच हसेल, अर्ध्यात सोडेल. तेव्हा माझं औषध किती निघणार?”

पूर्वी अर्फा रागावली असती. आता ती म्हणाली, “ताई, हा प्रश्न मला पडायला हवा होता.” तिनं आत एक स्प्रिंग बसवली. पंख अर्धे मिटले तर काहीच होत नाही; पुरते मिटले की खट्, आणि एका वेळचं सगळं औषध एका दमात. नमुने घेऊन ती स्वतः सांगलीला गेली, चाचणी संपेपर्यंत ताईंच्या शेजारी उभी राहिली. मापं जुळली. हळू दाबा, जोरात दाबा, औषध तेवढंच.

औंधच्या दुसऱ्या चाचणीला मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. गाडीत जागा होती आणि घरी बसवेना. यमाईचा डोंगर दिसायला लागला तशी अर्फानं पंपांची पेटी मांडीवर घेतली. जयराज मागच्या सीटवर चावलेलं बोट चोळत होता.

पहिला नंबर आला राणीचा. अंजनानं आल्या आल्या विचारलं, “सायेब, बोट कसं हाय?”

“हाय अजून,” जयराज म्हणाला.

राणी आईला चिकटून तिरक्या नजरेनं बघत होती. अर्फानं पंप तिच्या पुढ्यात नुसता ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागली, मांजरापुढे ठेवावा तसा. पोरीनं पंख चाचपले. अर्धे मिटले, काही झालं नाही. आईनं मुखवटा लावून दिला. राणीनं जीभ दातांत धरली, दोन्ही तळवे आवळले.

खट्. फस्स!

खोलीतले सगळे मोठे दचकले. मीसुद्धा. राणी नाही. मुखवट्याच्या वर तिचे डोळे गोल झाले, आतून दोन श्वास आले, मग तिनं मुखवटा खाली ओढून जाहीर केलं, “म्या वाजिवलं!”

“आगं बया,” अंजना म्हणाली.

“आनी येकदा!”

त्यानंतर चाचणी आवरणं कठीण गेलं; पंप याही वेळी औषध नसलेलेच होते म्हणून बरं. मुलं रांगेत ढकलाढकली करत होती. एकही मूल पळालं नाही. रडारड झाली ती पंप परत घेताना, आणि सर्वांत मोठ्यानं राणीची. औषधाच्या पंपासाठी रडणारं पोर मी सत्तर वर्षांत प्रथमच पाहिलं.

जयराजनं तिथूनच फोन लावला, आधी कंपनीला, मग सांगलीला. पंप बंद होणार नव्हता. कारखान्यात साचे पाडायला परवानगी मिळाली. राजेश्वरीताईंचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत आला, “विहीणबाई, अभिनंदन!” अर्फा हसली आणि मग हसताहसताच रडली. मी तिला रुमाल दिला आणि आवरायला सांगितलं, कारण परत यायला दीड तास लागतो.

येताना जयराजनं बाजारात गाडी थांबवली आणि सुक्या बोंबलांची पुडी घेऊन आला. माझ्या दारात त्यानं ती अर्फाच्या हातात दिली. “तुझ्यासाठी नाही. तुझ्या मॅडमसाठी.”

मी वर पोहोचले तोवर पुडी फुटली होती. जवारी अर्ध्या भोपळ्यात बसून चावत होती आणि चावताना घुमत होती. शिट्टीचा मागमूस नव्हता. अर्फानं फोन भोपळ्याजवळ धरला होता. पलीकडे मिरजेत हुसेनभाई कान लावून ऐकत होते.

“अब्बा, ऐकू येतंय?”

“व्हय,” ते म्हणाले. “लागली बघ जवारी.”