आतोबांचे सप्ताळू

निजामाच्या अख्ख्या मुलखात सप्ताळूवर आमच्या आतोबांइतका जीव कुणी टाकला नसेल, आणि ते न चाखता इतकी वर्षं तर कुणीच काढली नसतील! आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मुरुमला कापडाचे व्यापारी. उन्हाळ्यात हैदराबादचा ओळखीचा आडत्या सप्ताळूची, हल्लीच्या भाषेत पीचची, करंडी धाडायचा. त्या दिवशी दुकान बंद! गिऱ्हाईक दारात ताटकळलेलं आणि आतोबा धोतर खोचून चुलीपुढं, मुरंबा घालायला. प्रत्येक फळाची लव ते अशी पुसायचे, जणू न्हालेल्या तान्ह्याचं तोंड. पाक उकळू लागला की घरात बोलायची बंदी. आत्या एकदा नुसती खोकली, तर म्हणाले, "अगं, पाक दचकंल!"

"मग म्या मरू का?"

"पाक उतरू दे, मग बोलू."

मी शाळेसाठी त्यांच्याकडं राहायचो. घरात जीभ आहे ती माझीच, असा त्यांचा ठाम समज. महिन्यानं बरणीचा दादरा, म्हणजे तोंडाला बांधलेलं फडकं, सुटायचं ते माझ्यासमोर. "तू अव्वल म्हणलास, तरच म्या तोंडात घालीन," हा त्यांचा नेम. मी फोड चघळू लागलो की त्यांचा रिकामा जबडाही हलायचा.

"अव्वल?"

"बरं हाय."

"आणिक एक खाऊन सांग!"

आता सांगूनच टाकतो. पहिल्याच फोडीला माझ्या अंगावर काटा आला होता, इतकी ती सुरेख होती! पण 'अव्वल' म्हटलं असतं तर दुसरी कुठली मिळायला? म्हणून दरसाल मी 'बरं हाय' म्हणत राहिलो. आतोबा कधी लवंग वाढवत राहिले, कधी केशर, आणि बरणी पाहुण्यांत वाटून टाकत राहिले.

मग दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेनाशी झाली. आतोबांनी गूळ घातला. दादरा सोडला तर आंबूस वास. त्या साली दम्यानं ते पार वाळले होते, तरी जबडा हलतच होता. मला राहवलं नाही.

"अव्वल, आतोबा!"

आतोबांनी बरणी पुढं ओढली. मग आयुष्यात पहिल्यांदा फोड तोंडात घातली. तोंड वाकडं झालं.

"लबाडा, हे अव्वल, तर आदीचे समदे कसे हुते रं?" म्हणाले, आणि दम लागेपर्यंत हसले. मी मान खाली घालून दादरा पुन्हा बांधू लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात करंडी आली तेव्हा आतोबा नव्हते. पाक आत्यानं केला. आता बंदी घालणारं कुणी नव्हतं, तरी खोकला आला तशी तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मला हातानंच खुणावलं, गप.