बरडावरचा आवळा

देडतलाईची मनकर्णाबाई फळ नुसतं तळहातावर तोलून सांगायची, चांगलं की वाईट. चाळीस वर्षं केळी पिकवलेली बाई. भरपूर पाणी, भरपूर खत, जाड फळ, एवढंच तिचं शास्त्र. आणि हट्ट असा, की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

शेतात आवळ्याची दोन झाडं होती. केळीच्या दाट सावलीतल्या झाडाचे गलेलठ्ठ आवळे घरात यायचे. बरडावरच्या, म्हणजे खडकाळ माळावरच्या झाडाला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. त्याची बारकी फळं मजूर बायांच्या ओटीत जायची. राज्यांची जुळवाजुळव होऊन नवा मध्यप्रदेश झाला, त्या छप्पनच्या हिवाळ्यात तिची लेक कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती पांढरीफटक. वैद्यांनी रोज ताजा आवळा सांगितला. मनकर्णा तिला जाडजूड आवळे निवडून चारू लागली, आणि बरडावरचं झाड पाडून तिथंही केळी लावायचं ठरवून मोकळी झाली.

बुऱ्हाणपुरात शनवारा पेठेतल्या शाळेत विज्ञान शिकवणारा तिचा भाचा प्रभाकर कमलला भेटायला आला. ओसरीवर घरचे जाड आणि मजूर बायांसाठी काढून ठेवलेले बारके, असे दोन्ही झाडांचे आवळे पाहून त्याला मास्तरकीची खुमखुमी आली. त्यानं दोन वाट्यांत भाताची पातळ पेज घेतली, प्रत्येकीत एकेका झाडाच्या आवळ्याचा चमचाभर रस घातला, आणि वर जखमेला लावायचं आयोडीन थेंब थेंब सोडलं. रसातलं क जीवनसत्त्व आयोडीन गिळतं, ते संपलं की पेज निळी होते, म्हणाला; जितके थेंब जास्त, तितकं सत्त्व जास्त. जाड आवळ्याची वाटी नवव्या थेंबाला निळी पडली. बारक्याची एकविसाव्याला.

मनकर्णा हादरली. त्याला खोटं पाडायला तिनं पुन्हा स्वतःच्या हातानं थेंब मोजले. तेच.

“मावशी, फुगलेल्या फळात पाणी जास्त,” प्रभाकर म्हणाला. “बरडावरच्याला ऊन भरपूर, पाणी बेताचं. सत्त्व त्यात आहे.”

तिनं लेकीला महिनाभर निवडून निवडून कमअस्सल चारलं होतं, आणि नवरा लोटू सकाळीच कुऱ्हाड घेऊन बरडावर गेला होता. पायात वहाण न घालता ती धावत सुटली.

झाड आडवं पडलं होतं. लोटू घाम पुसत उभा होता, बायकोचं काम वेळेत उरकल्याच्या समाधानात. तिचा चेहरा पाहून तो चपापला.

“तूच तं सांगितलं व्हतं,” तो म्हणाला.

खाली बसून ती पदरात आवळे वेचू लागली, पानांआडचे, मातीतले, एकही सोडला नाही. तोडलेला आवळा फार तर दहा दिवस टिकतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. कमलचे अजून दोन महिने बाकी होते.