आईंच्या माइकचं बटण

ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी माझा मॅक्रो पॅड असतो, हळद लागू नये म्हणून पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला. तळहाताएवढा छोटा कीबोर्ड. त्याच्या एकेका बटणाला आपण काम शिकवून ठेवायचं, मग एकदा दाबलं की तो तीन-चार गोष्टी एका दमात करतो. मी घरी बसून लोकांचे व्हिडिओ एडिट करते, त्यासाठी घेतला होता. नको तो तुकडा कापायचा आणि पुढचं मागे ओढून फट बुजवायची, हे एका बटणात होतं. सवय इतकी वाईट लागते की भाजीवाल्यानं बोलण्यात लांबण लावली तरी माझं बोट शिवशिवतं.

रविवारी सकाळी आमच्या कामोठ्याच्या स्वयंपाकघरातून आम्ही मासळीच्या रेसिपी लाइव्ह करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. मी पुण्याची, बोंबील आणि मांदेली यांतला फरक लग्नानंतर कळलेली. आई उरणच्या कोळीवाड्यातल्या, अर्धं आयुष्य मासळीबाजारात पाटी घेऊन बसलेल्या. सासरे गेल्यावर नवरा आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो. रांधायचं त्यांनी, विचारायचं मी. त्यांच्या पदराला एक माइक, माझ्या ओढणीला एक, एक कॅमेरा समोर आणि एक वरून कढईवर.

आईंची एक मैत्रीण आहे उरणला. बाजारात दोघींच्या पाट्या शेजारी असायच्या, भांडणंही शेजारीच व्हायची. ती आता अंथरुणाला खिळलीय. फोनवर दोघींचं जमत नाही. फोन कानाला लावला की काय बोलायचं ते आठवत नाही, हाताला मासळी लागली की तोंड सुटतं, असं आईंचं म्हणणं. म्हणून त्या लाइव्हमध्येच तिच्याशी बोलायच्या. तिची सून मोबाइल तिच्या पुढ्यात धरून बसते हे त्यांना ठाऊक होतं. मांदेली तळता तळता मध्येच विचारायच्या, पायाची सूज उतरली काय, गोळ्या घेतेस का फेकतेस, आणि त्या अमक्या म्हाताऱ्याची आपण कशी जिरवली होती ते आठवतं काय. वर बाजारातल्या दोन ठेवणीतल्या शिव्या. दोघींची भेट ती एवढीच, आणि हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

मग एकदा माझ्या पुण्याच्या मावशीचा फोन आला. तिनं आधी माझ्या ड्रेसचं कौतुक केलं, मग गोडीगुलाबीनं म्हणाली की सासूबाई जरा गावंढळ बोलतात, नाही? आमच्या भिशीतल्या बायका बघतात गं.

मी फणकारले. मावशीला चांगलं सुनावलंसुद्धा, की माझ्या सासूची भाषा तिच्या खाडीची आहे, तुमच्या भिशीची नाही. फोन ठेवला, आणि त्याच दुपारी पॅडवरच्या पांढऱ्या बटणाला नवं काम शिकवलं. ते दाबलं की वरचा कॅमेरा लागायचा, आईंचा माइक बंद व्हायचा, त्यांचा आवाज माझ्यातून जाऊ नये म्हणून माझाही, आणि मंद बासरी सुरू व्हायची; परत दाबलं की सगळं पूर्ववत. बघणाऱ्याला वाटावं, किती छान, आता शांतपणे कढई दाखवताहेत. आईंच्या कानात हेडफोन थोडेच होते, त्यांना काय कळणार.

मी स्वतःला बजावलं होतं की शिवी आली तरच दाबायचं. पण हाताला एकदा चटक लागली की लागली. मग 'नाय' आलं की दाबलं, मग 'आमी' आलं की दाबलं, आणि पुढे पुढे तर आईंनी मैत्रिणीला हाक मारायला तोंड उघडलं की माझं बोट आधीच बटणावर. दर वेळी ठरवायचे, हे शेवटचं. आणि दर वेळी मी दाबायचे. खाली लोक लिहायचे, काय सुंदर संगीत, काय शांत वाटतं. लाज वाटते सांगायला, पण मला ते वाचून बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात आई म्हणाल्या, मला उरणला ने, तिला एकदा डोळ्यांनी बघू दे. गाडी काढली आणि गेलो.

मैत्रीण कॉटवर पडून होती. आईंना बघितलं आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"येवडा राग कसला गो माज्यावर?" ती म्हणाली.

आई हसल्या. कसला राग, दर रविवारी तुझ्याशी बोलते ना मी, म्हणाल्या. ती म्हणाली, नाय बोललीस, मी नुसते तुझे हात बघते. आईंना वाटलं हिला ऐकू कमी येतं. त्यांनी तिच्या सुनेला टीव्हीवर आमचा जुना व्हिडिओ लावायला सांगितला, आवाज मोठा करायला लावला, आणि मैत्रिणीच्या खांद्याला ढोसून म्हणाल्या की आता ऐक, आता तुला विचारते बघ.

बासरी सुरू झाली. टीव्हीभर आईंचे हात, मांदेली उलटणारे. बांगड्यांचासुद्धा आवाज नाही.

आई टीव्हीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाची बशी होती, मी चहात बघितलं. बाजारात अख्ख्या गल्लीला पुरून उरलेली बाई, आता माझी सालटी काढणार, आणि काढावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"मशीन बिघडलंय आमचं," आई मैत्रिणीला म्हणाल्या. "हिला तरी काय म्हाईत."

मग मैत्रिणीनं त्यांचा हात धरला आणि दोघी बराच वेळ कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणाबद्दल बोलत बसल्या. मी बाहेर पडवीत जाऊन उभी राहिले. परतताना गाडीत आईंनी गव्हाण फाट्याला तेवढी काच खाली करायला सांगितली. शिव्या दिल्या असत्या तर सुटले असते मी.

घरी आल्या आल्या मी त्या पांढऱ्या बटणाचं सगळं काम पुसून टाकलं. आता ते दाबलं तरी काही होत नाही, नुसतं टक वाजतं. हे आईंना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी काय केलं होतं ते बोलावं लागणार, आणि तिथवर आलं की मी दुसरंच काम काढायचे. इतरांचं बोलणं कुठे कापायचं ते मला पटकन कळतं, स्वतःचं कुठून सुरू करायचं ते नाही.

शनिवारी आई जवळा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजा आवाज बंद करायचा बटन कंचा गो?"

मी ओटा पुसायला घेतला.

"सांग बाय. माजं तोंड काय गप ऱ्हायाचं नाय. तुजा हात वाटनात असतो, मीच दाबीन."

मी बोटानं पांढरं बटण दाखवलं. तेव्हाही सांगता आलं असतं की ते आता रिकामं आहे. नाही सांगितलं.

रविवारी निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण होतं. मावशीनं नेहमीप्रमाणे आल्या आल्या फुलांची चित्रं पाठवली. उरणहूनही कुणी बघत होतं, मैत्रिणीच्या सुनेचं नाव खाली दिसलं. आईंनी राखेनं निवटे कसे चोळायचे ते सांगितलं, फोडणी दिली, आणि कालवणाला उकळी येईपर्यंत हात पदराला पुसला. मग अंगठ्यानं पांढरं बटण दाबलं. जरा थांबल्या, नीट बंद झालं असावं म्हणून. आवाज खाली आणून, कढईकडे बघत बोलल्या.

"तुला काय ऐकू जायाचं नाय गो, पन बोलते. पाय कसा हाय? मी रुसले नाय तुज्यावर. सून बी माजी चांगली हाय, सगलं करते माजं. तिला माजी लाज वाटते, येवडंच."

माझे दोन्ही हात खोबऱ्याच्या वाटणात होते. पुढे होऊन थांबवता आलं असतं त्यांना. मी हात हलवला नाही. उरणला, पुण्याला, सगळीकडे ते शब्दन् शब्द ऐकू गेले, आणि खाली लिहिणारे सगळे एकदम लिहायचे थांबले.

आईंनी तेच बटण परत दाबलं. पदर सारखा केला, समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

"आता आपण यात चवीपुरतं मीठ घालणार आहोत," त्या म्हणाल्या. एकेक शब्द जपून, अगदी माझ्यासारखा.