राखीव नावाचा रकाना

रुबीनाचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत एका कंपन-चाचणीच्या तयारीत होते. रुबीना ही माझी अकरावी-बारावीची वर्गमैत्रीण. आता त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. "सर गेले गं," ती म्हणाली, आणि मी काही बोलण्याआधीच पुढे म्हणाली, "परवा शोकसभा आहे. मी बोलणार. तू राखीव. लिहून आण." दुसऱ्या कुणाला हे बोलणे कोरडे वाटले असते. मला त्यात सरांचाच आवाज ऐकू आला... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

आमचे सर, विंग कमांडर हमीद पटेल, यांचा जन्म निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी गंगापूरला झाला. शहरात, शहागंजातल्या वडिलांच्या कापड दुकानाच्या माळ्यावर अभ्यास करून ते हवाई दलात गेले, लढाऊ विमाने चालवली आणि पुढे एका अंतराळ मोहिमेच्या प्रशिक्षणासाठी निवडले गेले. निवृत्तीनंतर विमान कंपनीची नोकरी नाकारून ते आपल्या शहरात परतले आणि विद्यार्थ्यांअभावी बंद पडू घातलेल्या एका महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शहरातल्या निम्म्या लोकांचा समज होता की ते अंतराळात जाऊन आले आहेत. सत्काराच्या पत्रिकेवर 'अंतराळवीर' असे छापलेले दिसले की सर त्या सत्काराला जात नसत. आम्ही मुले त्याला विनय समजत होतो.

महाविद्यालयात त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. प्रत्येक कामाला, मग ते प्रयोगाचे प्रात्यक्षिक असो की पाहुण्यांचे स्वागत, दोन नावे असत: पहिले आणि राखीव. राखीव माणसाने पहिल्याइतकीच तयारी करायची, त्याच वेळी हजर राहायचे आणि आदल्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावरच्या निळ्या वहीत 'मी तयार आहे' असे लिहून सही करायची. शेजारच्या रकान्यात सर स्वतःची सही करत. ते कुणाचीही परीक्षा घेत नसत. विद्यार्थ्याचा शब्द हाच त्यांच्यासाठी पुरावा होता.

अकरावीत आम्ही लहानसा वातबोगदा तयार केला होता. पंख्याच्या झोतात विमानाच्या पंखाची प्रतिकृती धरायची आणि तिला किती उचल मिळते ते नाजूक काट्यावर मोजायचे, असे ते उपकरण होते. ते पुण्याच्या स्पर्धेसाठी निवडले गेले आणि वहीत पहिले नाव रुबीनाचे आले, राखीव माझे. माझे गुण तिच्यापेक्षा जास्त होते. बजाजनगरच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत मी ही बातमी सांगितली तेव्हा कंपनीतून नुकतेच आलेले वडील म्हणाले, "राखीव म्हंजे काय गं? नुसतं बसून ऱ्हायचं? त्यासाठी पुण्याला कशाला जातीस?" हा प्रश्न मलाही तर्कशुद्ध वाटला. रुबीनाची कार्यपद्धतीची वही मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. ती वाचली मात्र नाही. सरावाच्या चार संध्याकाळी मी प्रवेश परीक्षेची उदाहरणे सोडवत बसले. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी निळ्या वहीत 'मी तयार आहे' असे लिहिले.

पुण्यात सकाळी रुबीना उठली ती आवाज पूर्ण बसलेल्या अवस्थेत. सरांनी मला बाजूला घेतले. वर्गात ते ग्रांथिक मराठी बोलत, जवळ आले की गंगापूरचे होत. "कोळेकर, तयार हाय ना?" मी हो म्हणाले. खोटे बोलण्याची ती दुसरी वेळ होती, आणि पहिलीपेक्षा ती सोपी गेली, हे मला आजही आठवते.

सिद्धान्त मी उत्तम मांडला. मग पंखा सुरू केला. पहिल्या रांगेत बसलेली रुबीना तळहात आडवा धरून मला काहीतरी खुणावत होती. मला वाटले, ती आवाज खाली घे म्हणते आहे. पंखा सुरू करण्यापूर्वी काटा शून्यावर आणायचा असतो, तेच ती सांगत होती. वहीतली ती चौथी पायरी होती, माझ्याच अक्षरात लिहिलेली. झोत वाढला तशी पंखाला उचल मिळायला हवी होती. माझा काटा शून्याच्या बराच खालून सुरू झाला होता, म्हणून माझ्या आकड्यांनुसार पंख खाली दबत होता. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने अत्यंत सभ्यपणे विचारले, "बाळ, हे विमान उडणार की जमिनीत शिरणार?" सभागृह हसले.

सोमवारी सरांनी बोलावले. समोर निळी वही होती. "काय झालं ते ओळीनं सांग. कुणामुळं झालं ते नको."

"सर, रुबीनानं मला नीट..."

"कुणामुळं ते नको म्हटलं ना."

मग मी सगळे सांगितले. उतरवलेली वही, बुडवलेला सराव, सही. त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवले. "हे बघ, तुझ्या सहीच्या बाजूला माझी सही हाय. तुझी खोटी, म्हणून माझीबी खोटी झाली." मी रडू लागले. त्यांनी ते पाहिले न पाहिल्यासारखे केले. "यान सुटलं त्या दिवशी मी खाली होतो. दीड वर्ष गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसलो, परकी भाषा शिकलो, समदं केलं. राखीव होतो मी."

तेव्हा मला त्या न स्वीकारलेल्या सत्कारांचा अर्थ कळला. तो विनय नव्हता, ती केवळ पत्रिकेवरच्या चुकीच्या शब्दाची दुरुस्ती होती. "वाईट नाही वाटलं, सर?"

"लई वाटलं. अजूनबी वाटतं," ते म्हणाले. "पण वर गेलेला माणूस निर्धास्त गेला. त्याला ठाऊक होतं, खाली एक जण तयार हाय..." आणि मग वही माझ्याकडे सरकवून, "पुढच्या साली परत रुबीना पहिली. तू राखीव. जमंल?"

मला काढून टाकतील, या तयारीने मी गेले होते. त्यांनी मला तीच जागा पुन्हा दिली. त्या वर्षी मी एकही सराव चुकवला नाही. रुबीना चिडवायची, "मागच्या साली तुझ्या अक्षरालाच बक्षीस द्यायला पाहिजे होतं बाई!" प्रात्यक्षिक तिनेच केले, मला कुणी हाक मारली नाही, आणि बक्षीस मिळाले तेव्हा माझ्याही हातांना घाम फुटला होता.

शोकसभेत रुबीना छान बोलली. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. मी दुसऱ्या रांगेत लिहिलेली पाने घेऊन बसले होते. ती पाने आधी दोनदा मोठ्याने वाचून पाहिली होती, घड्याळ लावून. ती वाचायची वेळ आली नाही. तीच पाने, थोडी भर घालून, आज या लेखाच्या रूपाने आपल्यासमोर आहेत.

सभेच्या आदल्या दिवशी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले होते. निळी वही टेबलावर होती. रुबीनाने नवी ओळ आखून ठेवली होती: काम, शोकसभेतील भाषण, पहिले नाव तिचे, राखीव माझे. मी 'मी तयार आहे' असे लिहिले आणि सही केली. सवयीने वही वळवून टेबलापलीकडच्या, सरांच्या खुर्चीच्या बाजूला सरकवली... शेजारचा रकाना कोराच राहिला. मी लिहिलेले मात्र खरे होते.